जमीन खचते, बसते की लवते?

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या एका मुलाने विचारलंय : 'भूपट्टांच्या हालचालींमुळे लाखो वर्षांत जमीन खाली जाते, त्याला "खचणे" म्हणावं का? खचणं तर एकदम होतं ना? क्लासमध्ये "भूस्खलन" लिहून दिलंय.'

भूस्खलन आधी बाजूला काढू. स्खलन म्हणजे घसरणं, आणि घसरायला उतार लागतो. 30 जुलै 2014 ला माळीण गावावर डोंगर आला ते भूस्खलन. आपण साधेपणाने 'दरड कोसळली' म्हणतो. सपाट मुलूख जागच्या जागी खाली गेला तर तो घसरणार कुठे? क्लासची वही तेवढ्यापुरती खोडा.

आता खचणे. ते एकदमच होतं, हे काही मला पटत नाही. माणसांबद्दल आपण कसं बोलतो बघा. वाईट बातमी ऐकून माणूस 'कोसळतो'. दोन-तीन वर्षं नापिकी झाली की 'खचत जातो'. धीर खचतो तोही हळूहळू. खचण्यात वेग महत्त्वाचा नाही, खालचा आधार सुटणं महत्त्वाचं. रस्ता खचतो, पूल खचतो, विहिरीचं बांधकाम खचतं, सगळीकडे खालून काहीतरी निघून गेलेलं असतं. 2023 च्या जानेवारीत 'जोशीमठ खचतंय' असे मथळे आले, ते म्हणूनच कानाला खटकले नाहीत.

हा फरक मला शिकवला एका गवंड्याने. सोलापुरात आमचं घर काळ्या जमिनीवर आहे. मागच्या भिंतीला तिरकी भेग आहे. उन्हाळ्यात तिच्यात रुपयाचं नाणं उभं मावतं, श्रावणात नख जात नाही. 'पाया खचला वाटतं,' मी म्हणालो. तो ओळंबा लावून, भिंतीला दोनदा थापटून म्हणाला, 'खचला न्हाई ओ सर, बसलाय. खचला असता तर तुमी हितं बोलत उभं ऱ्हायला नसता.' काळी माती पाणी पिऊन फुगते, वाळली की आक्रसते, तिच्याबरोबर पाया वरखाली होत होत एका कोपऱ्यात बसतो. पाया मुरुमापर्यंत न्यायला हवा होता, हे त्याने फुकटात सांगितलं. म्हणजे आधार सुटला तर खचणं. आधार आहे, पण तोच दबला किंवा आक्रसला तर बसणं. पुलाच्या दोन्ही बाजूंचा मातीचा भराव बसतो, खचत नाही.

हे हाताशी धरून भूपट्टांकडे, म्हणजे पृथ्वीच्या बाहेरच्या कठीण थराच्या सरकत्या तुकड्यांकडे, वळा. जमीन खाली जायच्या त्यांच्या तऱ्हा एकापेक्षा जास्त आहेत, आणि मराठीत त्यांना वेगवेगळी क्रियापदं आयती मिळतात.

भूकवच दोन्हीकडून ताणलं गेलं की पातळ होतं, त्याला समांतर तडे जातात आणि मधला पट्टा खाली उतरतो. पूर्व आफ्रिकेत हे आजही चालू आहे. शाळेच्या भूगोलात याला काय म्हणतात, आठवा : खचदरी! नर्मदा अशाच खचदरीतून वाहते असं आपण घोकलेलं असतं. ज्याने कुणी हा शब्द पाडला त्याला मराठीचा कान होता. बाजूचे खडक दूर सरकले, मधल्याचा आधार गेला, तो खचला. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर पाठ्यपुस्तकातच होतं.

पण ताण थांबल्यावरही तो भाग खाली जातच राहतो. पातळ झालेल्या कवचाखाली तप्त प्रावरण, म्हणजे कवचाखालचा खडकांचा जाड थर, वर आलेलं असतं. ते निवतं, आक्रसतं, जड होतं, आणि वरचा मुलूख कोट्यवधी वर्षं खाली जात राहतो. समुद्राच्या तळाचंही असंच. मध्य महासागरी पर्वतरांगेचा माथा पाण्याखाली साधारण अडीच किलोमीटरवर असतो. तिथे जन्मलेला तळ दूर सरकत निवत जातो, तो पुढे सहा किलोमीटरच्या आसपास खोल गेलेला असतो. इथे मी खुशाल 'बसतो' म्हणेन. तव्यावर टम्म फुगलेली भाकरी खाली काढली की बसते, तसं. (भाकरीतली वाफ जाते, इथे खडकातली उष्णता, उपमा फार ताणू नका.)

तिसरी तऱ्हा माझ्या आवडीची. भूपट्ट एकमेकांवर रेटले गेले, हिमालय उभा राहिला, आणि त्याच्या ओझ्याने पुढचा भारतीय भूपट्ट वाकला. त्या खळग्यात नद्यांनी काही किलोमीटर जाडीचा गाळ भरला, ते गंगेचं मैदान. चादरींच्या दुकानात फळीच्या एका टोकाला गठ्ठे रचले की फळी लवते, तसा हा भूपट्ट लवला. आणि गंमत अशी की खेड्यात सखल, पाणी साचणाऱ्या जागेला 'लवण'च म्हणतात. 'लवणातलं रान' म्हणजे मिठाचं रान नव्हे! या शब्दाकडे भूगोलवाल्यांनी अजून नीट बघितलेलं नाही असं माझं मत.

राहिला झटक्याचा भाग. 26 डिसेंबर 2004 च्या भूकंपात ग्रेट निकोबारचं इंदिरा पॉइंट चारेक मीटर खाली गेलं, दीपगृहाचा पायथा पाण्यात आला. एक भूपट्ट दुसऱ्याखाली जाताना दोघे अडकून बसतात, वरच्याला कुठे बाक येतो, कुठे फुगवटा. अडक सुटली की फुगवटा उतरतो. त्याच भूकंपात अंदमानच्या उत्तर भागात जमीन वर आली, प्रवाळ उघडे पडले. कच्छच्या रणातही 16 जून 1819 ला हेच जोडीने झालं : एकीकडे 'अल्लाबंद' नावाचा लांबलचक उंचवटा उठला आणि त्याच्या दक्षिणेला सिंद्रीचा किल्ला पाण्यात गेला. तोही आपल्या सोलापूरच्या किल्ल्यासारखा सपाटीवरचा. इथे जमीन 'खचली' आणि किल्ला 'बुडाला', दोन्ही क्रियापदं लागतात. बुडण्याला पाणी हवं, खचण्याला नको.

परीक्षेत पारिभाषिक शब्दच मागितला तर 'अवतलन' लिहा, हिंदी पुस्तकांतही तो भेटेल. वाक्य लिहिताना मात्र एक सांभाळा. 'भूपट्ट जमीन खचवतात' असं लिहू नका. खचवायचा तो माणसाचा धीर. जमिनीच्या बाबतीत 'भूपट्ट सरकल्याने जमीन खचते' एवढंच.