“मॅडम, ही नोंद विभागात जाईल का?”

माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारे बहुतेक निवासी डॉक्टर पहिला प्रश्न स्वतःच्या त्रासाविषयी विचारत नाहीत. समुपदेशन घेतल्याचे विभागप्रमुखांना कळेल का आणि परीक्षेच्या वेळी ते आडवे येईल का, ही त्यांची पहिली काळजी असते. मेडिसिन विभागात पदव्युत्तर शिक्षणाच्या पहिल्या वर्षाला असलेल्या एका डॉक्टरांची हकीकत मी त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे सांगत आहे.

इमर्जन्सीची ड्युटी, सकाळचा राउंड आणि डिस्चार्ज कार्डे असे सगळे उरकून त्या आल्या होत्या. त्यांना जागे राहून ३१ तास झाले होते. बसण्याआधीच त्यांनी विचारले, “मॅडम, ही नोंद विभागात जाईल का?” मी त्यांच्या महाविद्यालयाची कर्मचारी नाही आणि मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २३ नुसार गोपनीयता हा उपचार घेणाऱ्याचा हक्क आहे, हे मी त्यांना सांगितले. त्यातला अपवादही लपवला नाही : जिवाला धोका दिसला, तर जीव वाचवण्यापुरती माहिती मला योग्य व्यक्तीला द्यावी लागेल. ते ऐकून त्या जरा सैल झाल्या.

तीन आठवड्यांपूर्वी पहाटे यकृत निकामी झालेला त्यांचा एक रुग्ण दगावला होता. नातेवाइकांना ती बातमी त्यांनी एकटीनेच सांगितली, कागदपत्रे भरली आणि पंधरा मिनिटांत पुढच्या खाटेवरच्या रुग्णाचे रक्त घ्यायला त्या उभ्या राहिल्या. त्या रात्रीविषयी युनिटमध्ये नंतर कोणीच काही बोलले नाही. आपल्या हातून काही राहून गेले का, हा विचार मात्र त्यांना झोपेतही सोडत नव्हता. शेवटचे कोणाबरोबर बसून जेवलात, असे मी विचारले, तेव्हा त्यांना आठवेना.

जीव देण्याचे विचार येतात का, हेही मी स्पष्ट शब्दांत विचारले. असे विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. उलट बोलण्याची वाट मोकळी होते. “सकाळ होऊच नये असे वाटते, पण तसे काही करायचे मनात नाही,” असे त्या म्हणाल्या. त्याच आठवड्यात महाविद्यालयाबाहेरच्या मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतली आणि रात्रीबेरात्रीसाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक त्यांच्या फोनमध्ये नोंदवून घेतला.

त्यांचा आठवडा कागदावर मांडला, तेव्हा कामाचे ९८ तास भरले. निवासी डॉक्टरांसाठीच्या १९९२ च्या केंद्रीय निवासी योजनेत सर्वसाधारणपणे आठवड्याला ४८ आणि सलग १२ तासांहून अधिक काम नसावे, असे म्हटले आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने २०२४ मध्ये आठवड्याला ७४ तासांची मर्यादा सुचवली. झोपेला मुकलेल्या माणसाला प्राणायाम शिकवून त्याच्या थकव्याची जबाबदारी त्याच्यावरच टाकणे मला अन्यायाचे वाटते. तास कमी करणे हे संस्थेचेच काम आहे आणि समुपदेशनाने ते होत नाही, हे मी त्यांना तसेच सांगितले.

एकटेपणावर मात्र काही करता येण्यासारखे होते. युनिटमध्ये कोणाला सांगता येईल, यावर बराच वेळ विचार करून त्यांनी दुसऱ्या वर्षाच्या एका ताईंचे नाव घेतले, ज्यांना त्या आजवर घाबरत आल्या होत्या. पुढच्या भेटीत त्यांनी सांगितले की ताईंनी सगळे ऐकून घेतले, त्या रुग्णाचा केसपेपर उघडला आणि रात्रीचा एकेक निर्णय त्यांच्याबरोबर पुन्हा तपासला. उपचारांत चूक नव्हती, हे मी शंभरदा सांगूनही त्यांना पटले नसते. ते वॉर्डातल्याच माणसाने सांगायला हवे होते.

त्यानंतर त्या दोघींनी काही गोष्टी ठरवल्या. मृत्यूची बातमी सांगायला दोघांनी मिळून जायचे. मेस बंद होण्याआधी वॉर्डात अडकलेल्यांचे डबे कोणीतरी भरून ठेवायचे. इमर्जन्सीच्या रात्री काम आटोक्यात असेल, तर आळीपाळीने दोन तास झोपायचे आणि झोपलेल्याचे कॉल दुसऱ्याने घ्यायचे. सुरुवातीला एक सहकारी यात आले नाहीत. महिनाभराने त्यांचाही डबा भरला जाऊ लागला.

उपचार सुरू होऊन सहा महिने झाले आहेत. औषध चालू आहे आणि झोप पुष्कळ सुधारली आहे. दिवाळीची रजा मात्र त्यांना मिळाली नाही. आठवड्याची सुट्टी ड्युटीच्या तक्त्यावर नावानिशी लिहिली जावी, असा अर्ज युनिटमधल्या पाचही निवासी डॉक्टरांनी सह्या करून विभागप्रमुखांना दिला आहे. त्यावर माझ्याकडे आलेल्या या डॉक्टरांची सही पहिली आहे.