आंघोळीनंतर पोपटाला हेअर ड्रायरने वाळवलं तर चालतं का?

नको. हेअर ड्रायर वापरू नका, आणि बहुतेक वेळा त्याची गरजही नसते.

तुम्ही लिहिलंय की आंघोळ झाल्यावर तुमचा पोपट थरथरतो, पिसं फुगवून एका जागी बसतो, आणि त्याला सर्दी होईल या धास्तीने तुम्ही टॉवेलने खसाखसा पुसून वर ड्रायर लावायच्या विचारात आहात. तुमची काळजी मला पूर्ण समजते. ओला पोपट दिसतोच इतका केविलवाणा की हातावर हात ठेवून बसवत नाही. पण निरोगी आणि अंगभर पिसं आलेल्या पोपटाला आपण वाळवावं लागत नाही. तो स्वतःच वाळतो, आणि आपल्याला जमणार नाही इतका नीट वाळतो. त्याला ऊब, निवांत वेळ आणि वाऱ्याचा झोत नसलेली जागा मिळाली की झालं.

एकदा न हात लावता नुसतं बघत बसा. माझ्याकडे कॉकटील आहे, तुरेवाल्या छोट्या पोपटांची एक जात. आंघोळ संपली की ती आधी सगळं अंग झटकते, मग शेपटी दोन्ही बाजूंना जोरजोरात हलवते, पंख अर्धवट उघडून पुन्हा झटकते. एवढ्यातच बरंचसं पाणी उडून जातं. खरं काम त्यानंतर सुरू होतं. एक पंख जरासा बाहेर काढायचा, त्यातलं एक लांब पीस मुळाशी चोचीत धरायचं आणि मान वळवत टोकापर्यंत ओढत न्यायचं. मग पुढचं पीस. मग छातीची बारीक पिसं, मग पाठ. डोक्यापर्यंत चोच पोचत नाही, तिथे पायाची नखं.

हे नुसतं पाणी निपटणं नाही. पिसाच्या मधल्या दांडीला दोन्ही बाजूंनी तंतू असतात, आणि त्या तंतूंना आणखी बारीक फाटे आणि आकडे असतात. भिजल्यावर आणि झटकल्यावर हे आकडे जागोजागी सुटतात. पीस चोचीतून ओढलं गेलं की चेन लागावी तसे ते पुन्हा एकमेकांत अडकतात आणि पीस सलग होतं. बऱ्याच पोपटांना शेपटीच्या मुळाशी, पाठीकडच्या बाजूला, तेलाची एक छोटी ग्रंथी असते. तिथे चोच आणि डोकं घासून ते तेल पिसांना लावतात. ॲमेझॉन पोपटांना ही ग्रंथी नसते. कॉकटील, काकाकुवा आणि आफ्रिकन ग्रे यांच्या अंगावर काही खास पिसांची टोकं झिजून पांढरी पावडर तयार होते आणि ती सगळ्या पिसांवर पसरते. तुमच्या हातावर किंवा कपड्यांवर पोपटाची पांढरी भुकटी राहत असेल तर ती हीच. ड्रायरने तुम्ही पाणी घालवाल, पण पिसं विंचरून जागेवर बसवायचं काम त्यालाच करावं लागणार, आणि ते ओलसर पिसांवर जास्त चांगलं होतं. म्हणून त्याला घाई करू नये असं मला वाटतं.

आता थरथरण्याबद्दल. पक्ष्याचं शरीर आपल्यापेक्षा गरम असतं, साधारण ४० ते ४२ अंश सेल्सिअस. ही ऊब टिकते ती त्वचेलगतच्या मऊ पिसांत अडकलेल्या हवेमुळे. पिसं भिजून एकमेकांना चिकटली की ती हवा निघून जाते आणि शरीर स्नायू थरथरवून उष्णता तयार करायला लागतं. पिसं फुगवणंही त्यासाठीच, शिवाय त्यामुळे पिसांच्या मधून हवा खेळते आणि ती लवकर सुकतात. तेव्हा आंघोळीनंतर थोडा वेळ थरथरणं, मध्येच झटकणं, मध्येच विंचरणं, हे सगळं ठीक आहे. डोळे टवटवीत आहेत, दांडीवरची पकड घट्ट आहे आणि तो पिसांत गुंतलाय, एवढं दिसलं की त्याला त्याचं काम करू द्या.

ड्रायरला मी इतकं ठामपणे ‘नाही’ का म्हणतेय, ते जरा सविस्तर सांगते, कारण घरोघरी लोक चांगल्या मनाने तो वापरतात.

पहिली गोष्ट उष्णतेची. पक्ष्यांना घामाच्या ग्रंथी नसतात. अंग तापलं की चोच उघडून धापा टाकणं आणि पंख अंगापासून लांब धरणं, हेच मुख्य मार्ग त्यांच्याकडे असतात. त्यांची त्वचाही फार पातळ असते. ड्रायरच्या तोंडाशी हवा किती गरम आहे हे आपल्याला लांबून कळत नाही, आणि पिसांखाली त्वचा भाजतेय हे तर दिसतही नाही.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे आणि ती पोपट पाळणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायलाच हवी. नॉनस्टिक तव्याला जो लेप असतो त्याचं नाव पीटीएफई. टेफ्लॉन हे त्याचं सगळ्यांना माहीत असलेलं व्यापारी नाव. काही हेअर ड्रायर, रूम हीटर, इस्त्र्या आणि ऊब देणारे काही दिवे यांच्या आतल्या किंवा बाहेरच्या भागांवरही हा लेप असतो. तो खूप तापला की त्यातून विषारी वायू सुटतात. आपल्याला वाससुद्धा येत नाही, पण त्याच खोलीतला पोपट काही मिनिटांत किंवा काही तासांत दगावू शकतो, आणि त्यावर उतारा नाही. पक्ष्यांनाच इतका त्रास का होतो याचं कारण त्यांच्या श्वसनात आहे. त्यांच्या शरीरात हवेच्या पिशव्या असतात आणि फुफ्फुसातून हवा एकाच दिशेने वाहत राहते, त्यामुळे श्वास घेताना आणि सोडताना, दोन्ही वेळा ताजी हवा फुफ्फुसातून जाते. उडायला लागणारा भरपूर प्राणवायू या रचनेमुळे मिळतो, पण हवेत विष असेल तर तेही तितक्याच झपाट्याने रक्तात उतरतं. ड्रायरच्या खोक्यावर या लेपाचा उल्लेख असेलच असं नाही. ‘सिरॅमिक’ लिहिलंय म्हणून लेप नाही, असंही धरून चालू नका. आणि ड्रायर काय किंवा हीटर काय, पोपट ज्या हवेत श्वास घेतो तिथे नवा आणून लावण्याआधी कंपनीला पीटीएफईबद्दल स्पष्ट विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

काही पोपट ड्रायरच्या झोतात पंख पसरून मजेत बसतात, हे मलाही माहीत आहे. पक्ष्यांच्या डॉक्टरांनी तुमच्या पोपटासाठी मुद्दाम सांगितलं असेल आणि लेप नाही याची खात्री असेल, तर सर्वांत कमी उष्णता ठेवा, हातभर अंतर ठेवा, झोत एका जागी न ठेवता हलता ठेवा आणि आपला दुसरा हात सतत पोपटाजवळ त्याच झोतात ठेवा. हाताला गरम लागलं की थांबायचं. पोपटाने चोच उघडली किंवा पंख अंगापासून लांब धरले तरी लगेच बंद. यापलीकडे मी ड्रायरची शिफारस करणार नाही.

टॉवेल चालतो, पण खसाखसा नाही. पक्ष्यांना आपल्यासारखा छाती आणि पोट यांच्यामधला श्वासपटल नसतो. छातीचं हाड पुढे-मागे हलतं तेव्हाच त्यांचा श्वास चालतो. पोपटाला टॉवेलमध्ये घट्ट गुंडाळून छातीवर दाब आला तर तो तोंड उघडं असूनही गुदमरतो. म्हणून मऊ, कोरडा टॉवेल पाठीवर सैल ठेवायचा, डोकं बाहेर, आणि पिसांच्या दिशेने हलकेच टिपून घ्यायचं. उलट्या दिशेने घासलं तर पिसं मोडतात. पिसं गळून नवी येत असतील तर जास्तच सांभाळा. त्या नव्या, नळीसारख्या कोवळ्या पिसांत रक्त वाहत असतं, ती घासून मोडली तर दुखतं आणि रक्त येतं. टॉवेलचे धागे निघालेले नसावेत, त्यात नखं अडकतात. आणि त्याला टॉवेल आवडतच नसेल, तो बघून पळत असेल, तर सोडून द्या. दर आंघोळीला पकडापकडी झाली तर त्याला आंघोळच नकोशी होईल.

पंखा आणि एसी बंद ठेवा. छताचा पंखा तर पोपट पिंजऱ्याबाहेर असताना कधीच चालू नको, आणि ओल्या पोपटाच्या बाबतीत दुप्पट काळजी, कारण भिजलेले पंख जड होतात आणि त्याला नेहमीसारखं वळता किंवा थांबता येत नाही. याच कारणाने खिडक्या-दारंही तो वाळेपर्यंत बंद. खोली आपल्याला साध्या कपड्यांत उबदार वाटेल इतकी असली तर पुरे, साधारण २४ ते २७ अंश.

ऊन उत्तम. फक्त पिंजरा असा ठेवा की अर्ध्या भागात ऊन आणि अर्ध्या भागात सावली राहील, म्हणजे कुठे बसायचं ते तो ठरवेल. बंद काचेमागच्या कडक उन्हात किंवा बंद गाडीत त्याला वाळत ठेवू नका, तिथे हवा फार लवकर तापते. उघड्या जागी पिंजरा ठेवलात तर जवळ बसा. मांजर, कावळा, घार, कुणीही येऊ शकतं.

आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती वेळ. आंघोळ सकाळी किंवा फार तर दुपारी घाला. लहान पोपट हलका भिजला असेल तर साधारण तासाभरात सुकतो. मोठा पोपट, चिंब भिजलेला, त्यात हवा दमट असेल तर दोन-तीन तासही लागतात. संध्याकाळी भिजवलं तर अंधार पडेपर्यंत तो पिसं विंचरून होत नाही आणि तसाच ओला झोपतो, आणि रात्री तर तापमानही खाली उतरतं. वाळवण्याची चिंता करायला लावणारे निम्मे प्रसंग केवळ वेळ बदलली तरी टळतात.

किती भिजवायचं हेही त्याच्यावरच सोडा. पसरट भांड्यात त्याच्या पोटापर्यंतही येणार नाही इतकं पाणी, किंवा स्प्रे बाटलीने वरून पावसासारखा बारीक फवारा. तोंडावर, नाकपुड्यांवर थेट मारू नका. नळाखाली धरून चिंब करायची काही गरज नाही. पाणी खोलीच्या तापमानाचं किंवा अगदी किंचित कोमट, गरम नाही, कारण गरम पाण्याने पिसांवरचं तेल निघून जातं. साबण, शाम्पू तर नकोच. पुरेसं झालं की पोपट स्वतःच बाजूला होतो.

खरंच मदत लागते असे पोपटही असतात. पिल्लं, म्हातारे पोपट, पिसं उपटण्याची सवय लागल्यामुळे अंगावर उघडे पॅच असलेले, किंवा बादलीत पडून गारठलेले. आजारी पोपटाला आणि पिसं न आलेल्या पिल्लाला डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय आंघोळ घालूच नये. पण भिजून गारठलाच तर आधी टॉवेलने टिपून घ्या, मग पिंजऱ्याला तीन बाजूंनी कापड लावा, समोरची बाजू हवेसाठी मोकळी ठेवा, आणि कापडात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली बाहेरून एका कोपऱ्याला टेकवून ठेवा. ऊब एकाच टोकाला हवी, म्हणजे नको झाली की त्याला दुसरीकडे सरकता येईल.

तो विंचरत असतानाच पिंजऱ्यातला ओला कागद आणि पाणी पडलेले दाणे बदलून टाका. ओल्या दाण्यांवर आणि तळाशी साचलेल्या ओलीत बुरशी धरते, आणि बुरशीचे कण श्वासातून गेले की पोपटांना फुफ्फुसाचा चिवट आजार होतो. आंघोळीच्या गारठ्यापेक्षा मला याची भीती जास्त वाटते.

तुमच्या पोपटाकडे परत येते. उबदार खोलीत, पिसं वरून कोरडी दिसायला लागल्यावरही तो थरथरत असेल, डोळे मिटून पिंजऱ्याच्या तळाशी बसत असेल, श्वासागणिक शेपटी खालीवर होत असेल, किंवा चोच उघडी ठेवून श्वास घेत असेल, तर ते आंघोळीमुळे नाही असं समजा आणि त्याच दिवशी पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे न्या. पक्षी आजारपण शेवटपर्यंत लपवतात, म्हणून उद्यापर्यंत थांबू नका. आणि पिसं सुकल्यावर तो पुन्हा खायला, ओरडायला लागत असेल, तर पुढची आंघोळ सकाळच्या उन्हात घाला, पंखा बंद करा आणि त्याच्यासमोर निवांत बसा.