सॅटर्न गाडी कशी होती आणि बंद का पडली?

जपानी छोट्या गाड्यांनी अमेरिकेतला बाजार खाल्ला, तेव्हा त्यांना टक्कर द्यायला जनरल मोटर्सने १९८५ मध्ये सॅटर्न ही वेगळी कंपनी काढली. टेनेसीतल्या स्प्रिंग हिलच्या कारखान्यातून पहिली गाडी १९९० मध्ये बाहेर पडली.

लोकांना आवडली ती एकच भाव, घासाघीस नाही ही पद्धत. आणि ती प्लॅस्टिकची दारं! पार्किंगमध्ये सामानाची ट्रॉली येऊन आदळली तर पत्र्याला पोचा पडतो, इथे दार जरासं दबून परत जागेवर. (बॉनेट आणि छप्पर मात्र पत्र्याचंच.) प्लॅस्टिक उन्हात फुगतं म्हणून जोडांमधल्या फटी मोठ्या ठेवलेल्या, त्या डोळ्यांत खुपायच्या. इंजिन घरघरायचं, जुनं झालं की ऑइल प्यायचं. डिकीत ऑइलचा डबा हवाच. तरी १९९४ मध्ये हजारो मालक गाड्या घेऊन कारखाना बघायला गेले होते.

माझ्या मते घात घरच्यांनीच केला: वर्षानुवर्षं नवं मॉडेल दिलं नाही, शेवटी शेवटी तर जनरल मोटर्सच्याच तेव्हाच्या जर्मन कंपनीच्या, ओपेलच्या, गाड्यांवर सॅटर्नचा बिल्ला. २००९ मध्ये पेन्स्की या अमेरिकी गाडीविक्री कंपनीला सॅटर्न विकायचा सौदा फिसकटला, कारण पुढे गाड्या बनवून द्यायला कोणी तयार नव्हतं. २०१० मध्ये कारभार आटोपला.