तोंडातल्या गोट्या आधी बाहेर काढा

प्रश्न : मुलगा बारावी कला शाखेत आहे, दहावीला ८१ टक्के होते. लहानपणापासून बोलताना अडखळतो. त्याने वकील व्हावं, ते नाही तर यूपीएससी करावी, ही माझी इच्छा. प्राचीन अथेन्समधला डेमोस्थेनिस तोंडात खडे ठेवून वक्ता झाला असं वाचल्यापासून मी त्याला रोज पहाटे गच्चीवर तोंडात चार गोट्या ठेवून अर्धा तास मोठ्याने वाचायला लावतो. तीन महिने झाले, फरक नाही. हल्ली घरातही फारसा बोलत नाही. चुलत बहिणीला मात्र वक्तृत्व स्पर्धेची भाषणं लिहून देतो, ती बक्षिसं आणते. आता म्हणतो, ग्रीकांचं वक्तृत्वशास्त्रच शिकायचंय. यात करिअर आहे का? – एक वडील, सांगली

उत्तर : करिअरचं नंतर बघू. उद्या पहाटेपासून गोट्या बंद. एखादी घशात अडकली तर जीव जाईल, हे एक कारण. दुसरं तुम्ही स्वतःच लिहिलंय, तेही जाता जाता : मुलगा घरातही फारसा बोलत नाही. तीन महिन्यांत फरक पडलेला आहे, तो उलट्या दिशेने पडला आहे.

अडखळणं म्हणजे जिभेचा आळस नव्हे. त्याचं मूळ बहुतेकदा मेंदूतून होणाऱ्या बोलण्याच्या नियंत्रणात असतं, अनेक घरांत ते आनुवंशिक असतं. घाई, टोकणं आणि कोणीतरी समोर उभं राहून तपासतंय ही जाणीव, यांनी ते वाढतं. तुमच्या गच्चीवर तिन्ही गोष्टी हजर आहेत. स्पीच थेरपिस्टकडे जा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था याच कामाची आहे. जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयातही चौकशी करा. तिथे मुलाला आधी एकट्याला बोलू द्या. त्याचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका.

डेमोस्थेनिसची गोष्ट तुमच्यापर्यंत अर्धीच पोहोचली आहे. ती लिहिली ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने, डेमोस्थेनिस इ.स.पू. ३२२ मध्ये वारल्यानंतर चारशेहून अधिक वर्षांनी. प्लुटार्कचा आधार फालेरॉनचा डेमेट्रियस, ज्याने म्हणे हे म्हाताऱ्या डेमोस्थेनिसकडून ऐकलं होतं. खडे होते ते अस्पष्ट, बोबड्या उच्चारांसाठी. त्याला ‘र’ म्हणता येत नव्हता, असं रोमन वक्ता सिसेरो सांगतो. दम पुरत नसे म्हणून तो चढ चढताना एका श्वासात कविता म्हणे, हावभावांसाठी मोठ्या आरशापुढे उभा राही. त्याच प्लुटार्कमध्ये असंही आहे की बाहेर जायचा मोह होऊ नये म्हणून तो अर्धं डोकं भादरून तळघरात सरावाला बसे. तुम्ही तेवढं सोडून दिलंत, याबद्दल मुलाच्या वतीने आभार.

आणि हे सगळं त्याच्यावर कोणी लादलं नव्हतं. तो सात वर्षांचा असताना वडील गेले. सुमारे १४ टॅलंटची मालमत्ता वडिलांनी नेमलेल्या पालकांनी खाल्ली आणि सज्ञान झाल्यावर त्याच्या हातावर जेमतेम ७० मिना ठेवले (मिना आणि टॅलंट ही तिथली पैशाची मापं, ६० मिना म्हणजे एक टॅलंट). तो वारसाहक्काच्या दाव्यांतला जाणकार इसायस याच्याकडे शिकला, विशीत पालकांवर दावे लावले आणि आफोबस या पालकाविरुद्ध १० टॅलंटचा निकाल मिळवला. वसुली पूर्ण झाली नाही, तो भाग वेगळा. पुढे इ.स.पू. ३४६ मध्ये, ३८ वर्षांचा नावाजलेला वक्ता असताना, मॅसेडोनचा राजा फिलिप याच्यासमोर तो सुरुवातीलाच अडला. फिलिपने धीर दिला, तरी पुन्हा अडला. हे त्याचा प्रतिस्पर्धी आयस्किनिसने सांगितलं आहे, त्यामुळे थोडं मीठमसाला धरून चाला. पण खड्यांनी अडखळणं कायमचं जातं, असं या गोष्टीवरून तरी म्हणता येत नाही.

तुमच्या मुलाला अथेन्स का आवडलं असेल, याचा मला अंदाज आहे. तिथे वकील नव्हते. फिर्यादी असो वा आरोपी, प्रत्येकाने स्वतः उभं राहून बोलायचं. समोर न्यायाधीश म्हणून खासगी दाव्यात २०१ किंवा ४०१ नागरिक, सार्वजनिक खटल्यात ५०१ किंवा अधिक. ज्यांना मांडणी जमत नसे ते पैसे देऊन भाषण लिहून घेत आणि पाठ करत. लिसियास हा या लेखकांतला मोठा माणूस. तो अथेन्सचा नागरिक नव्हता, तिथल्या नागरिकांच्या सभेत त्याला बोलायचा अधिकारच नव्हता, आणि तरी त्याची तिसेक भाषणं आजही वाचली जातात. कारण तो अशिलाच्या तोंडात शोभेल असंच लिहायचा. बायकोच्या प्रियकराला मारणाऱ्या युफिलेटसच्या भाषणात साधा नवरा आपलं छोटं दुमजली घर दाखवतो : बाळाला धुवायला बायकोला रात्री जिना उतरावा लागू नये म्हणून ती खाली आणि आपण वर अशी अदलाबदल केली. त्या एका तपशिलात न्यायाधीशांना नवऱ्याचा भाबडेपणाही दिसतो आणि प्रियकर घरात कसा शिरला तेही.

इसोक्रेटिस हा त्यांच्यातलाच आणखी एक भाषणलेखक, तो तर स्वतःच लिहून गेला की गर्दीपुढे उभं राहायला लागणारा आवाज आणि धीटपणा आपल्याजवळ नाही. त्याने वक्तृत्वाची शाळा काढली. सेनापती टिमोथियस त्याचा विद्यार्थी. स्वतः बोलत नाहीस मग शिकवतोस कसा, यावर त्याचं म्हणून एक उत्तर सांगतात : सहाण स्वतः कापत नाही, सुरीला धार लावते.

आता थोडं थेट मुलाशी. तू बहिणीला भाषणं लिहून देतोस ते या लेखकांचंच काम आहे, फक्त ते अजून अंदाजाने चाललंय. अथेन्समध्ये वेळ पाण्याच्या घड्याळावर मोजत. तिथल्या अगोरात, म्हणजे बाजारचौकात, सापडलेलं भांडं ६.४ लिटरचं आहे, ते सहा मिनिटांत रिकामं होतं. पाच हजार द्राख्मांहून (ही तिथली नाणी) मोठ्या रकमेच्या दाव्यात पहिल्या भाषणाला अशी पाच भांडी मिळत. कायदे आणि साक्षी वाचताना पाणी थांबवत. तू एका भांड्याचं लिही, म्हणजे सावकाश मराठीत साधारण ६०० शब्द. प्रस्तावना, हकीकत, पुरावे, समारोप हे चार भाग रूढ होते, पण ॲरिस्टॉटल म्हणतो की मुद्दा सांगणं आणि तो सिद्ध करणं एवढेच दोन आवश्यक. नवशिका नेमका उलटा वागतो : २०० शब्द प्रस्तावनेत, हकिकतीत सगळंच, आणि पुराव्याला पाणी संपलेलं. हकिकतीत फक्त तेवढंच ठेव, ज्याचा पुढे पुरावा म्हणून उपयोग होणार आहे. समारोपात नवा मुद्दा नको. तिथले न्यायाधीश आपसात चर्चा न करता लगेच मत टाकत, म्हणून शेवटी आधीचेच मुद्दे पुन्हा कानावर घालावे लागत.

सरावासाठी अँटिऑकचा वक्तृत्वशिक्षक आफ्थोनियस याचे १४ पाठ आहेत, इ.स. चौथ्या शतकातले. त्यांतले दोनच प्रकार घे. पहिला खंडन आणि मंडनाचा : एखादी दंतकथा अशक्य आहे हे दाखव, मग तीच शक्य आहे हे तितक्याच जोरात लिही. त्याने हे ग्रीक पुराणातल्या डाफ्नेच्या कथेवर करून दाखवलंय. दुसरा, दुसऱ्याच्या तोंडून बोलण्याचा. त्याच पुराणातली, मुलं गमावलेली नायोबी काय म्हणेल? क्रम ठरलेला : आधी आत्ताचं दुःख, मग पूर्वीचं सुख, मग पुढचं. क्रम उलटा केला की रडगाणं होतं.

बाबा, आता तुमचा प्रश्न. ग्रीक वक्तृत्वशास्त्र या नावाची नोकरी नाही, आणि प्राचीन ग्रीक भाषा शिकण्याच्या सोयी आपल्याकडे फार थोड्या. इतिहास किंवा इंग्रजी घेऊन बी.ए. करता करता ॲरिस्टॉटल आणि लिसियास इंग्रजी अनुवादातून वाचता येतात. वकिलीसाठी बारावीनंतर पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची सीईटी आहे. यूपीएससी पदवीनंतर, आणि तिथे एकूण २०२५ गुणांपैकी मुलाखतीचे गुण २७५, बाकी सगळं लेखी. वकिलीतही दावा, लेखी जबाब, अपिलाचा मसुदा हे कागदावरचं काम असतं आणि ते चांगलं करणारी माणसं सहज मिळत नाहीत. त्यामुळे तुम्ही सुचवलेली वाट बंद नाही. पण तिच्यावर जायचं की नाही हे त्याला ठरवू द्या, अडखळत का होईना, त्याच्याच तोंडून ऐका. त्याने नको म्हटलं तर ते उत्तर धरा.

पुतणीला बक्षीस मिळालेलं त्याचं एखादं भाषण तुम्ही वाचलंय का? पत्रावरून तरी तसं वाटलं नाही. या आठवड्यात मागून घ्या.