दोन महिने फुकट, पण कुठले?

प्रश्न : आमची विक्रोळीच्या कन्नमवारनगरातली बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली, म्हणून गेल्या आठवड्यात भांडुपला भाड्याने आलो. करार ११ महिन्यांचा. लॉबीत टेबल टाकून बसलेला एका इंटरनेट कंपनीचा मुलगा म्हणतो, १२ महिन्यांचे एकदम भरा, २ महिने फुकट, फिटिंगही फुकट. महिना ५९९, वर जीएसटी. दुसऱ्या कंपनीची ३० दिवसांची फुकट ट्रायल आहे, पण ते डब्याची (वायफाय राउटरची) १,५०० अनामत आणि यूपीआय ऑटोपे मागतात. मिस्टर म्हणतात, १४ महिने मिळतायत तर सोडू नको. मुलगा दहावीला आहे, ऑनलाइन क्लास रात्री ८ ते १०. काय घेऊ?
— एक वाचक, भांडुप

उत्तर : ताई, करार ११ महिन्यांचा, ऑफर १४ महिन्यांची. हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून फ्रिजवर चिकटवा, मिस्टरांना दिसतील असे. फुकटचे महिने शेपटीला असतात. बारावा संपला की तेरावा फुकट, आणि तुम्ही तर अकराव्यालाच टेम्पो बोलावणार. ५९९ प्रमाणे १२ महिन्यांचे ७,१८८, त्यावर १८ टक्के जीएसटी, झाले ८,४८२. दर महिन्याला भरलेत तर ७०७ प्रमाणे ११ महिन्यांचे ७,७७७. म्हणजे फुकटच्या नादात एक महिना जास्तीचा भरताय.

तो मुलगा म्हणेल, कनेक्शन शिफ्ट होतं की! होतं, पण नव्या बिल्डिंगच्या गच्चीवर त्यांची तार असेल तर. मी ३२ वर्षं टेलिफोनच्या केबली जोडल्या आहेत. मुंबईत कोणाची तार आत येणार हे बऱ्याचदा सोसायटीचे सेक्रेटरी ठरवतात.

ट्रायल मात्र घ्या. दुपारी ३ वाजता स्पीड बघून उपयोग नाही, तेव्हा निम्मी बिल्डिंग ऑफिसात असते. रात्री ८ ते १० मध्ये, मुलगा बसतो त्याच टेबलावर, निदान चार-पाच दिवस बघा. अडकायला लागलं तर एकदा लॅपटॉप वायरने थेट डब्याला जोडा. वायरवर नीट चाललं तर दोष कंपनीचा नाही, मधल्या भिंतीचा. डबा मुलगा बसतो त्या खोलीत हलवून घ्या.

जिओ ५ सप्टेंबर २०१६ ला आलं, डिसेंबरअखेरपर्यंत फुकट होतं, मग ऑफरचं नाव बदलून ३१ मार्च २०१७ पर्यंत. तेव्हापासून आपल्याला फुकट म्हणजे खरंच फुकट वाटतं. पण ते सिम होतं. आवडलं नाही तर ड्रॉवरमध्ये टाकलं, विषय संपला. इथे भिंतीवर डबा आहे, आणि तो परत केल्याशिवाय तुमचे १,५०० सुटत नाहीत.

म्हणून पंचविसाव्या दिवशीचा गजर लावा. ऑटोपेचे पैसे कापण्याआधी किमान २४ तास मेसेज यायला हवा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, पण असल्या मेसेजच्या गर्दीत तो कोण वाचतो? नको असेल तर यूपीआय अ‍ॅपमधून ऑटोपे रद्द करा. आणि तेवढ्यावर थांबू नका, त्याने फक्त पैसे कापणं थांबतं, कनेक्शन चालूच राहतं आणि बिल चढतं. बंद करण्याचा अर्ज ईमेलने पाठवा, नंबर घ्या. डबा द्याल तेव्हा अडॅप्टरही द्या आणि दोन्हींची पोच घ्या.

ही पोच मी घेतली नव्हती. माझ्या माहीमच्या घरी आलेला पोऱ्या डबा पिशवीत घालून गेला, मी वर त्याला चहा पाजला. नंतर कंपनी म्हणे, डबा मिळालाच नाही. अनामत सुटायला पाच महिने लागले. आधी तक्रारीचा नंबर, मग त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे अर्ज. ट्राय म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवरची सरकारी नियामक संस्था, तिच्याकडे धाव घेऊ नका, ते एकेका ग्राहकाची तक्रार ऐकत नाहीत. हे मला, खात्यातल्या माणसाला, माहीत असूनही मी तिथे पत्र टाकलं होतं. रागात माणूस काहीही करतो.

ट्रायल जमली नाही तर परत त्या टेबलवाल्याकडे जा आणि एवढंच विचारा : महिन्याचा प्लॅन घेतला तर फिटिंगचे किती? ७०७ च्या आत सांगितलं तर महिन्याचाच घ्या. जास्त सांगितलं तर घासाघीस करा. महिनाअखेर असेल तर ऐकतो, त्याला टार्गेट असतं.