"हात लावू नकोस" म्हटल्यावर ती चालणार कशी?

अंध मुलीची आई माझ्याकडे आली की एकच काळजी फिरून फिरून निघते. हिला दिसत नाही, पाळी आली तर कळणार कसं आणि सांभाळणार कोण? यावर बहुतेक घरांनी काढलेला तोडगाही एकच: आत्तापासून सांगून घाबरवायला नको, येईल तेव्हा बघू. कोपरखैरण्याच्या एका घराची हकिकत त्यासाठी सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वडील वाशीच्या मार्केटमध्ये माथाडी, मूळ गाव साताऱ्याकडचं. घरात आजी, आई, धाकटा भाऊ आणि 13 वर्षांची जन्मांध लेक. शाळेत हुशार, वर्गात सगळ्यांच्या आधी पाढे म्हणणारी. पाळी सुरू झाल्यापासून मात्र महिन्यातले काही दिवस शाळा बंद आणि घरात कोपरा धरून बसायचं. शाळेच्या विशेष शिक्षिकेने त्यांना माझ्याकडे पाठवलं. आईचं पहिलंच वाक्य होतं, "एका अर्थी दिसत नाही ते बरंच झालं मॅडम, रक्त बघून घाबरली तरी नाही."

घाबरली होती. आईला बाहेर बसवल्यावर मुलगी बोलायला लागली. ओलं, चिकट काहीतरी हाताला लागलं आणि खिडकीचे गज धरल्यावर हाताला येतो तसा वास आला. पोटात काहीतरी फुटलं असं तिला वाटलं. दोन दिवस ती कुणाला बोलली नाही. आजीच्या लक्षात आलं तेव्हा समजावणं वगैरे काही झालं नाही. चार दिवस कशाला हात लावायचा नाही, एवढीच सूचना मिळाली.

आता हे घर कसं आहे ते बघा. एक खोली आणि स्वयंपाकघर. बिछान्यावरून मोरीपर्यंत जायचं तर आधी कपाटाची कड, मग दाराची चौकट, ओटा, ओट्याच्या टोकाला देव्हारा आणि त्याला वळसा घालून मोरीची कडी. ही सगळी वाट तिच्या तळहातात आहे. डोळस बाई बाजूला बसली तरी उठून चालू शकते. या मुलीचा हातच काढून घेतल्यावर तिने जायचं कुठून? तिने त्यावर उपाय शोधला होता: पाणी कमी प्यायचं, म्हणजे उठावंच लागत नाही. शाळा बुडण्यापेक्षा मला याची जास्त काळजी वाटली.

डोळस मुलीला कुणी शिकवलं नाही तरी बरंच कळलेलं असतं. कपाटातलं पाकीट, दोरीवर वाळणारं कापड, जाहिराती, विज्ञानाच्या पुस्तकातली आकृती. अंध मुलीपर्यंत यातलं काहीच आपोआप येत नाही, म्हणून तिला इतरांच्या आधी सांगायला हवं. स्तनांची वाढ सुरू झाली की साधारण दोन-अडीच वर्षांत पाळी येते, आधीचे काही महिने पांढरं पाणी जातं. म्हणजे नवव्या-दहाव्या वर्षी बोलणं सुरू झालेलं बरं. जन्मजात अंधत्वाच्या काही प्रकारांत मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीवरही परिणाम झालेला असतो, तिथे वयात येणं फार लवकर किंवा उशिरा होऊ शकतं. डॉक्टरांना हे आवर्जून विचारावं.

आम्ही कणकेपासून सुरुवात केली. तिच्या मुठीएवढं गर्भाशय, दोन्ही बाजूंना नळ्या, टोकाला बीजकोश. मग पॅड. मऊ बाजू, पाठीमागचा कागद, तो सोलल्यावर लागणारा चिकटपणा, पंख, सगळं बोटांनी. निकरच्या मध्ये आतून दुहेरी कापड असतं, त्याच्या पुढच्या-मागच्या शिवणी हाताला लागतात. पॅड त्यांच्या मध्ये बसवायचं. भिजल्याचा अंदाज यावा म्हणून भाताची पेज वापरली: एक पॅड कोरडं, एक थोडं भिजलेलं, एक जड. "हे जड झालंय, हे आधीच बदलायला हवं होतं," असं ती तिसऱ्या पॅडबद्दल माझ्याआधी म्हणाली. तरी रोजच्यासाठी घड्याळ चांगलं. चार ते सहा तासांनी बदलायचंच, स्राव जास्त असेल तेव्हा त्याहून लवकर. कपड्याला लागलं तर गार पाण्यात भिजवायचं, गरम पाण्याने डाग पक्का बसतो. वाळलेला डाग कडक होतो, तो बोटांना सापडतो.

आजीशी बोलणं अवघड जाणार हे दिसतच होतं. "अवं मॅडम, आमी काय मारतोय व्हय तिला? रीत हाय ती." मी विटाळ, विज्ञान वगैरे काही काढलं नाही. मुलीलाच म्हटलं, मोरीपर्यंत कशी जातेस ते आजीला सांग. ती एकेक खूण सांगत गेली. देव्हाऱ्याशी आल्यावर थांबली. आजीही थांबल्या. मग म्हणाल्या, "तिच्या वाटंत द्येव येतोय, तर द्येवच हलवू की." पुढच्या आठवड्यात देव्हारा समोरच्या भिंतीवर उंच गेला. लोणच्याची बरणी अजून वर्ज्य आहे. बरणीवाचून मुलीचं अडत नाही, म्हणून त्या वादात मी पडले नाही.

आईच्या मनात आणखी एक गोष्ट होती, ती तिने शेवटी कुजबुजत विचारली: पिशवीच काढून टाकली तर? शेजारणीने सुचवलं होतं. नाही. 1994 मध्ये पुण्यात सरकारी संस्थेतल्या बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलींची गर्भाशयं काढल्यावरून मोठं वादळ उठलं होतं, आणि तिथेही पुढे केलेलं कारण पाळीच्या स्वच्छतेचंच होतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 10 नुसार, दिव्यांग व्यक्तीच्या स्वतःच्या मुक्त संमतीशिवाय वंध्यत्व आणणारा कोणताही उपचार करता येत नाही. या प्रश्नाखाली दुसरी भीती असते, कुणी गैरफायदा घेतला तर? गर्भाशय काढून अत्याचार टळत नाही, फक्त उघडकीला यायची एक शक्यता कमी होते. त्यापेक्षा शरीराच्या प्रत्येक अवयवाचं नाव मुलीला यायला हवं, म्हणजे कुणी कुठे हात लावला ते तिला सांगता येईल. आईने ती नावं तिच्यासमोर मोठ्याने म्हणायला दोन भेटी घेतल्या.

मुलगी आता शाळेत जाते. मात्र तिथल्या स्वच्छतागृहातला कचऱ्याचा डबा रोज वेगळ्या कोपऱ्यात असायचा आणि वापरलेलं पॅड हातात घेऊन तो चाचपडत शोधावा लागायचा. तिने मुख्याध्यापिकांना ब्रेलमध्ये अर्ज लिहिला, विशेष शिक्षिकेने तो खाली देवनागरीत उतरवून दिला. डबा आता दाराच्या उजव्या हाताला, भिंतीला साखळीने बांधलेला असतो. झाकण मात्र अजून बसवायचं आहे.