शब्दांची विचारपूस

प्रश्न : आमच्याकडे 'कापूस जीनवर नेला' असं म्हणतात. हे जीन, प्यायची जिन आणि पँटची जीन, तिन्ही एकच का? – एक वाचक, धरणगाव

उत्तर : तिघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. कापसाचं जीन हे 'इंजिन' या शब्दाचं आखूड रूप. मूळ लॅटिन 'इंगेनियम', म्हणजे उपजत बुद्धी. तो शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत येताना अर्थ झाला युक्ती, मग यंत्र. प्यायची जिन डच 'येनेव्हर'वरून, म्हणजे ज्युनिपरच्या फळांवरून आली. पँटची जीन इटलीतल्या जिनोव्हा शहराच्या नावावरून.

इंग्रजीत जीन म्हणजे रुई आणि सरकी वेगळी करणारं यंत्र, आणि जिनिंग ही ती क्रिया. खान्देशात मात्र अख्ख्या कारखान्यालाच जीन म्हणतात, आणि त्यात चूक काहीच नाही. जिनिंग म्हणजे सूतकताई नव्हे, ती पुढची पायरी. एक क्विंटल कापसातून साधारण 33 ते 36 किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. प्रेसमध्ये रुईची 170 किलोची गाठ बांधतात. कापूस ओला असला तर रुई सरकीपासून नीट सुटत नाही, तिच्या गुठळ्या होतात. म्हणून तर ओलावा 8 टक्क्यांवर गेला की भाव कापतात.

अमेरिकन संशोधक एली व्हिटनीचं 1794 चं जीनचं पेटंट तारेच्या दात्यांच्या यंत्राचं. आपल्याकडची जीनं बहुतेक डबल रोलरची, म्हणजे दात्यांऐवजी रुळांनी रुई ओढणारी, सरकी काढायच्या जुन्या हातचरखीच्या घराण्यातली.